नारळाचा गेटपास

परवा पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर माझी नोंद ‘डिलिव्हरी’च्या रकान्यात झाली. मी गावच्या वसंत व्याख्यानमालेचा कार्यवाह. साताऱ्याकडून पहाटेच्या एसटीनं आलेलो, पिशवीत शाल, नारळ आणि लेटरहेडवरचं पत्र. अंगात इस्त्रीचा झब्बा होता, तोही वाया गेला.

“काम काय?” वॉचमनकाका.

“साहेबांना आमंत्रण द्यायचंय.”

“लग्न का मुंज?”

“व्याख्यान.”

“कुणाचं?”

“साहेबांचंच.”

“मग त्यांना कशाला सांगायला आलात? त्यांना ठाऊक असेल की.”

इथे गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, काका, ही परंपरा आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली याच पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली.

“रानडे?” ते वही चाळू लागले. “बी विंग. पण ते मुलीकडे गेलेत.”

मग पेन कानावर ठेवून म्हणाले, “ऐकायला किती जमतात?”

“साठ-सत्तर.”

“त्यात आपणहून किती?”

११ वर्षांत हा प्रश्न आमच्या वार्षिक सभेतही कुणी विचारलेला नाही. सामानाच्या लिफ्टनं वर गेलो. सोबत कुणाची तरी गादी होती.

साहेब पाचेक मिनिटं भेटले. गाडी एसी हवी, श्रोत्यांचे प्रश्न नकोत, मानधनाचं ‘नंतर बोलू’. हे ‘नंतर’ आमच्या वर्षभराच्या वर्गणीला भारी पडतं. विषय? “तुम्हीच सुचवा, मी कशावरही बोलतो.” गेल्या वर्षीचे पाहुणेही कशावरही बोलले होते, पावणेदोन तास, हॉलचं वाढीव भाडं मी खिशातून भरलं. आमच्याच हायस्कूलच्या एक बाई कृष्णेवर काय सुरेख बोलतात! पण त्यांचं नाव काढलं की कमिटी म्हणते, “त्या काय, रोज मंडईत भेटतात.”

पत्राच्या पोचेवर सही मागितली. “राहू दे, कळवतो.” शाल ठेवून घेतली, नारळ परत दिला. “घरात कुणी खवत नाही हो.”

खाली काकांनी पिशवीत डोकावलं. “वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. साहेबांची सही आणा.”

परत वर गेलो. नारळासाठी मात्र साहेबांनी दारातच, उभ्या उभ्या सही दिली. तारखेसकट.