विमान धाडकन टेकलं म्हणजे पायलट कच्चा?

काल आत्याकडे होटगी रोडला गेलो, तर तिनं बॅगेत भरलेली शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या काढून परत डब्यात ठेवल्या होत्या. हैदराबादहून विमानानं दिल्लीला लेकीकडे जायचं होतं. आता म्हणे रेल्वेनं जाते. कारण व्हॉट्सॲपवरचा मेसेज: "विमान आदळलं तर पायलट शिकाऊ समजा. को-पायलट नुसता शोभेला असतो. चाकांतून धूर म्हणजे टायर पेटला. धक्का बसताच पट्टा सोडून दाराकडे पळा."

पट्ट्याचं वाचून डोकंच फिरलं. टेकल्यावरही विमान ताशी 200 किलोमीटरच्या वर धावत असतं. ब्रेक लागले की उभा माणूस थेट पुढच्या सीटवर आपटेल. सत्तरीच्या बाईला असलं सांगता?

धुराचं सोपं आहे. थांबलेलं चाक जमिनीला लागून एकदम फिरतं, रबर घासतं, धूर निघतो. रोजचंच आहे ते.

आता धक्का. रनवे ओला असेल तर पायलट मुद्दाम ठामपणे टेकवतो. पाण्याचा थर फोडून चाकं जमिनीला भिडली पाहिजेत, पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे हवेची उचल मोडून विमानाचा भार चाकांवर आणणाऱ्या फळ्या, उघडले पाहिजेत, तेव्हाच ब्रेक धरतात. अलगद उतरवायच्या नादात विमान तरंगत राहिलं तर रनवे मागे सरत जातो.

आणि को-पायलट शोभेला? एक जण विमान हाताळतो, तेव्हा दुसरा वेग आणि उंची पाहतो, टेकल्यावर स्पॉयलर उघडले का ते मोठ्यानं सांगतो, आणि गडबड दिसली की "गो-अराउंड" म्हणतो, म्हणजे उतरू नका, परत वर चला. 22 मे 2010 ला मंगळूरच्या विमान अपघातात 158 माणसं गेली. चौकशी अहवाल वाचा: को-पायलटनं तीनदा "गो-अराउंड" सांगितलं, कॅप्टननं ऐकलं नाही. 8,033 फुटांच्या रनवेवर विमान टेकलं ते साधारण 5,200 फूट पुढे जाऊन. जीव गेले ते उशिरा टेकल्यानं, आणि शेजारच्याचं न ऐकल्यानं.

हार्ड लँडिंग ही खरी गोष्ट आहे, तेवढं मान्य. सेकंदाला 10 फूट वेगानं खाली येण्याचा मार सोसेल अशीच चाकांची रचना करावी लागते, पण त्याहून जोरात बसलं तर मोडतोड होऊ शकते. म्हणूनच पायलट तशी नोंद करतो आणि इंजिनिअर तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवत नाहीत.

आत्याला मंगळूरचं सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तीनदा सांगितलं की रे त्या पोरानं."