100 लॅटिन मुळं पाठ केली की 10,000 शब्द येतात? नाही येत

सांगलीतल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. इंग्रजीतले बहुतेक शब्द लॅटिनमधून आलेत, 100 लॅटिन मुळं (म्हणजे ज्यांपासून शब्द बनतात ते मूळ तुकडे) पाठ करा, 10,000 शब्द आपोआप कळतील, वेगळं पाठांतर, वाचन काही नको. खाली मुळांचा तक्ता. एमपीएससीच्या कम्बाईन परीक्षेची तयारी करणारी पोरं तो तक्ता प्रिंट काढून टेबलावर चिकटवतायत आणि इंग्रजी पेपर वाचायचा सोडतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"बहुतेक शब्द लॅटिन." डिक्शनरी मोजली तर निम्म्याहून जास्त शब्द लॅटिनमधलेच निघतात, काही थेट आलेले आणि बरेच 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून आलेले, इथपर्यंत बरोबर. पण वॉटर, हाऊस, ईट, गो हे रोजचे शब्द लॅटिन नाहीत, जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-डच भाषांच्या कुळातले आहेत, आणि सगळ्यात जास्त वापरातले 100 शब्द काढले तर तेही जवळजवळ सगळे तिथलेच. आता सांगा, परीक्षेत पोरं अडकतात कुठं? पुट ऑफ, पुट अप विथ, गिव्ह इन, लुक डाऊन ऑन. यात लॅटिनचं एकही मूळ नाही.

"तक्त्यातली सगळी मुळं लॅटिन." बायो, ग्राफ, क्रोनो, सायको ही ग्रीक आहेत. टेलिव्हिजनमध्ये टेली ग्रीक आणि व्हिजन लॅटिन. तक्ता बनवणाऱ्यानं एवढं तरी बघायला पाहिजे होतं.

"मूळ कळलं की अर्थ कळतो." खरी गडबड इथंच आहे. रिसीव्ह, डिसीव्ह, परसीव्ह, कन्सीव्ह हे चारही 'कापेरे' म्हणजे घेणे, पकडणे यातून आलेत. आता पकडणे यावरून फसवणे कसं काढणार? आपल्याकडं आहार, विहार, प्रहार, संहार सगळे एका 'हृ' धातूचे, शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठवेल, पण हृ म्हणजे नेणे एवढं सांगून कुणाला संहार कळेल का? शिवाय अर्थ शतकानुशतकं सरकत जातात. नाईस ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अडाणी, मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हातानं बनवणं, आणि आज कुपवाडच्या एमआयडीसीत मशीननं बनतं तेही मॅन्युफॅक्चरच. सगळ्यात धोकादायक इन्फ्लेमेबल. तक्ता म्हणतो 'इन' म्हणजे नाही, म्हणजे टँकरवर इन्फ्लेमेबल वाचून पोरगं समजणार की हे पेटत नाही, आणि अर्थ नेमका उलटा, झटकन पेट घेणारं. इथला 'इन' नकाराचा नाहीच, तो 'आत' वाला.

सारखी दिसणारी मुळं हा आणखी एक घोळ. पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा, तो 'पेड' लॅटिन, अर्थ पाय. मिरजेत दवाखान्याच्या बोर्डावर पेडियाट्रिक दिसतं, तो ग्रीक, अर्थ मूल. तक्त्यात एकच अर्थ दिलाय, पाय.

"पाठांतराची गरज नाही." उलट आहे ओ. शब्द आधी वाक्यात दोनचारदा भेटावा लागतो, मग मूळ त्याला धरून ठेवायला मदत करतं. आणि मराठी पोरांना त्यासाठी तक्ता पण लागत नाही. डेंटल आणि दंत, पेडल आणि पद, डिसेंबरमधला डेसेम आणि दश, ही नाती आपल्या कानाला आधीच ओळखीची आहेत. (यावरून इंग्रजी संस्कृतमधून जन्मली असा दुसरा फॉरवर्ड काढू नका, या चुलत भाषा आहेत, 1786 मध्ये संस्कृतचा अभ्यासक असलेल्या विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं कलकत्त्यात मांडलं ते हेच, की मूळ भाषा वेगळी, बहुधा आता उरलेली नाही.) मेडिकलच्या नीट (NEET) परीक्षेवाल्यांना मात्र मुळं थेट कामाची. आंब्याचं नाव मॅन्जिफेरा, तासगावच्या द्राक्षांचं विटिस विनिफेरा, दोन्हीकडं 'फेरा' म्हणजे धारण करणारी, एक आंबा आणि एक वाईन. आपली हळद कर्क्युमा लोंगा, त्यातलं लोंगा लॅटिन, म्हणजे लांब, आणि कर्क्युमा अरबीतनं आलेलं.