एका घरात दोन कार्डं

दुकानदाराने मला "काका" म्हटलं, तिथपर्यंत ठीक होतं. पण नंतर त्याने आतल्या पोराला हाक मारली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "अरे, काकांना टीव्ही ट्युनर कार्ड पाहिजे. तेही दुसरं!" पोरगा माळ्यावरून वाकून माझ्याकडे बघायला लागला. कार्ड शोधायला नव्हे, मला बघायला.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान. पुढे कॉम्प्युटरचा माल, मागे ऑनलाईन फॉर्म. अर्धी गिऱ्हाईकं माऊस घ्यायला येतात, अर्धी अंगठा द्यायला.

माझी मागणी अगदी साधी होती. घरच्या कॉम्प्युटरमध्ये छत्रीवरचा टीव्ही दाखवणारं एक सॅटेलाईट ट्युनर कार्ड आहे, गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे, आणि संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या रेकॉर्ड होत असताना घरच्यांना दुसऱ्या ट्रान्सपॉण्डरवरचं चॅनल पाहिजे असतं. ट्रान्सपॉण्डर म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, एका फ्रिक्वेन्सीवर चॅनलांचा गठ्ठा पाठवणारा. ट्युनर एका वेळी एकाच ट्रान्सपॉण्डरवर बसतो. मात्र त्या एका ट्रान्सपॉण्डरवर जितकी चॅनलं असतील तितकी सगळी तो एकदम घेऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन्ही चॅनलं एकाच ट्रान्सपॉण्डरवर असतील तर दुसरं कार्ड घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, चांगलं सॉफ्टवेअर एकाच कार्डावर दोन्ही रेकॉर्ड करतं. आधी चॅनलची यादी काढून फ्रिक्वेन्सी ताडून बघायची, मग खिशात हात घालायचा. मी ताडून बघितली होती. माझी वेगळी निघाली.

पोराने खोका आणला. वरची धूळ फुंकली, ती माझ्या चष्म्यावर बसली. खोक्यावर सोनेरी अक्षरांत "डिजिटल". मी कार्ड बाहेर काढलं आणि त्याचं तोंड बघितलं. कार्ड ओळखायचं ते तोंडावरूनच. सॅटेलाईटच्या कार्डाला आटे असलेलं तोंड असतं, वायरचं कनेक्टर फिरवून घट्ट करता येतं. याचं तोंड गुळगुळीत, नुसतं खुपसायचं, शेजारी एफएमसाठी अजून एक भोक. म्हणजे जुन्या अॅनालॉग केबलचं कार्ड. केबल डिजिटल करायच्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली, तेव्हापासून केबलवर या कार्डाला बघायला काही उरलेलं नाही. फार तर सेट टॉप बॉक्सची पिवळी वायर त्यात खुपसा.

"याच्यात डिजिटल काय आहे?" मी विचारलं.

"रिमोट," तो म्हणाला.

मग त्याने यूएसबीचा एक तुकडा काढला. त्यावर डीव्हीबी-टी२. ते जमिनीवरच्या टॉवरचं तंत्र. २०१६ मध्ये दूरदर्शनने ते १६ शहरांत सुरू केलं तेव्हा महाराष्ट्रातली दोनच शहरं त्यात होती, मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). औरंगाबाद आणि आमच्यात अजिंठ्याचे डोंगर. मी छत्रीचं डीव्हीबी-एस२ मागत होतो, तो टॉवरचं टी२ देत होता, आणि वर म्हणत होता, "दोन तर दोन्हीत आहे ना काका."

तिसऱ्या खेपेला "यात एमपीईजी-फोर नाही, म्हणून स्वस्त" हेही ऐकून घेतलं. कार्डाचा एमपीईजीशी, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या पद्धतीशी, काडीचा संबंध नसतो. कार्ड हवेतून आलेला प्रवाह उचलून मदरबोर्डला देतं. चित्र उलगडायचं काम प्रोसेसरचं आणि ग्राफिक्सचं. कार्डावर बघायचं ते एस की एस२ एवढंच. एस२ वालं कार्ड जुनं एसही पकडतं, एस वाल्याला एस२ पकडता येत नाही. दुसरं बघायचं ती कार्ड बसवायची खाच. जुन्या मदरबोर्डवर पांढरी पीसीआय असते, नव्यावर ती नसतेच, तिथे पीसीआय एक्सप्रेसचं छोटं एक्स१ कार्ड घ्यायचं, आणि छोटी खाच भरलेली असेल तर ते लांब एक्स१६ खाचेतही सुखाने बसतं. जुन्या पीसीआयला कमी लेखायचं कारण नाही. ती सेकंदाला १३३ मेगाबाईट वाहते, एका ट्रान्सपॉण्डरचा सगळा माल दहा मेगाबाईटच्याही आत. फक्त ग्राफिक्स कार्डाला चिकटून लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच भाजून निघतं, मग कॅबिनेटमध्ये काय होत असेल. यूएसबीचं सॅटेलाईट ट्युनर घेतलंत तर त्याला वेगळा अॅडॅप्टर लागतो. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात आणि यूएसबीच्या ५ व्होल्टात तेवढा दम नसतो.

हे सगळं मी दुकानदाराला सांगत होतो. ऐकत होते ते तात्या.

तात्या रेशनकार्डाच्या केवायसीसाठी आले होते. त्यांचा अंगठा मशीन घेत नव्हतं. अंगठ्यावरच्या रेघा कापसाने आणि फावड्याने कधीच पुसून टाकलेल्या. दर पाच मिनिटांनी पोरगा त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसून मशीनवर दाबायचा, मशीन लाल व्हायचं, आणि तात्या परत माझ्याकडे वळायचे.

"एक घरमा दोन कार्ड?"

"हो तात्या."

"दुसरं काढू नको भो. मना साडूना पोऱ्यानी काढं व्हतं, नाव उडी गयं."

मी म्हटलं, हे रेशनचं नाही, टीव्हीचं. त्यांनी डोळे बारीक केले. "तुले एक टीव्ही देखाले दोन कार्ड कसाले लागतस?" अख्खं दुकान माझ्या उत्तराची वाट बघायला लागलं. ट्रान्सपॉण्डर हा शब्द अहिराणीत कसा बसवावा ते मला सुचेना. मी म्हटलं, "एक छत्री, दोन टीव्ही असं समजा."

इथे तात्यांचा चेहराच बदलला. त्यांच्याकडे तेच होतं. वाड्यावर एक छत्री, वायर फोडून एक घर यांचं आणि एक धाकट्या भावाचं. मधे जिना आणि अबोला. "भाऊ झोपना का मना टीव्ही झोपस," तात्या म्हणाले. "तो मुद्दाम करस." रात्री नऊला भावाच्या घरचा दिवा गेला की पाठोपाठ यांच्या टीव्हीवर "नो सिग्नल". दोन पावसाळे झाले. त्यावरून शेताच्या बांधाचा विषय निघालाय, मागच्या अक्षय तृतीयेला भावाकडची पुरणपोळी यांनी परत पाठवलीय.

मी म्हटलं, तात्या, भावाचा दोष नाही, वायर फोडणाऱ्या स्प्लिटरचा आहे. छत्रीवरच्या एलएनबीला वीज वायरीतूनच जाते, बॉक्सकडून. स्वस्तातल्या स्प्लिटरची एकच बाजू वीज वर जाऊ देते, "पॉवर पास" लिहिलेली. ती बाजू तुमच्या भावाकडे गेलीय. तो बॉक्सचं बटण बंद करतो, एलएनबी उपाशी पडतो, तुम्हाला सिग्नल येणार कुठून? दोन कार्डांचंही अगदी तेच होतं. पहिलं कार्ड रिकामं बसलं की ड्रायव्हर त्याचे व्होल्ट काढून घेतो आणि दुसऱ्यावरचं रेकॉर्डिंग मधेच तुटतं. म्हणून स्प्लिटर घ्यायचा तो दोन्ही बाजूंनी वीज घेणारा, आत डायोड, म्हणजे वीज उलटी न जाऊ देणारा तुकडा, असलेला. केबलवाल्याचा तर मुळीच नाही, तो १००० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो आणि छत्रीचा माल ९५० पासून २१५० पर्यंत येतो. अंगावर २४०० लिहिलंय का बघायचं. हे सगळं दोन्ही चॅनलं एकाच ध्रुवणाची, म्हणजे दोन्हीच्या लहरी उभ्या किंवा दोन्हीच्या आडव्या, असतील तरच जमतं. एलएनबी ध्रुवण निवडतो ते व्होल्टांवरून. एकाने १३ व्होल्ट मागितले आणि दुसऱ्याने १८, तर १८ वाला जिंकतो, मग जुळा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी ओढण्याला इलाज नाही. आणि कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा केसभर तारसुद्धा मधल्या तांब्याला लागू द्यायचा नाही. तेवढ्याने व्होल्ट शॉर्ट होतात आणि माणूस दिवसभर छत्री हलवत बसतो, जी मुळात आग्नेयेला, ९३.५ अंशाच्या उपग्रहाकडे, बरोबरच लागलेली असते.

तात्या बराच वेळ गप्प होते. पोराने त्यांचा अंगठा चौथ्यांदा दाबला. मशीन हिरवं झालं.

"आते समजनं," तात्या म्हणाले. आणि वळून दुकानदाराला म्हणाले, "शेठ, तू हुशार माणूस शे."

शेठने मान डोलावली. इतका वेळ त्याला स्प्लिटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ड्रॉवर उघडून त्याने एक काढला. मी चष्मा पुसून बघितलं. २४००, दोन्ही बाजूंना वीज, डायोडची खूणही. मला हवा होता तो हाच, आणि मी आत आल्यापासून तो माझ्या कोपराखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेला होता. मी विचारलं, अजून आहे का? एकच होता. तात्यांनी पैसे काढलेसुद्धा होते.

कार्ड तर तिथे नव्हतंच. "आता कोण घेतं ट्युनर, सगळं मोबाईलवर बघतात," असं मला ऐकवलं गेलं, तेही लाईट गेलेली असताना, टॉवरचा एक दांडा दिसत असलेल्या फोनकडे बोट दाखवून. मी बोललो नाही. कार्ड ऑनलाईन मागवावं लागणार, लिनक्सवर त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, वेगळं घालावं लागणार, आणि दोन वेगळ्या चिपची कार्डं असली की प्रत्येक बूटला शून्य नंबर कोण आणि एक नंबर कोण याची अदलाबदल होऊ नये म्हणून क्रमांकही बांधून द्यावे लागणार. त्यापेक्षा पहिल्याच्या जातीचं दुसरं मिळालं तर बरं.

तात्यांनी स्प्लिटर धोतराच्या सोग्यात बांधला आणि जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू ऑनलाईन मांगाडी ले," ते म्हणाले. "तुले ते येस."