लाल टोपण, नारिंगी टोपण आणि २० युनिट

मधुमेहाच्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं: इन्सुलिन ३०/७० (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं मिश्रण), सकाळी २० युनिट, संध्याकाळी २० युनिट, जेवणाआधी अर्धा तास. खाली सही, शिक्का. माझ्या मते हे कार्ड अर्धवट आहे. बाटली कुठल्या ताकदीची आणि सिरिंज कुठली, हे त्यावर नाही.

आपल्याकडे १० मिलीची साधी बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते. इन्सुलिन पेनमधलं कार्ट्रिज, म्हणजे आतली भरलेली नळी, १०० चं, आणि काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्याच. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. मेडिकलमध्ये नुसती 'इन्सुलिनची सुई द्या' म्हटलं की हाताला लागेल ती मिळते.

४० ची बाटली आणि नारिंगी टोपण: २० च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. शुगर उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. मग एक दिवस घरात लाल टोपणाची सिरिंज येते आणि तो वाढवलेला डोस पुरता अंगात जातो. उलट जोडी तर त्याहून वाईट. १०० ची बाटली आणि लाल टोपण: २० च्या रेघेला ०.५ मिली, म्हणजे सरळ ५० युनिट.

वॉर्डातही आपण नर्स मंडळी धुतल्या तांदळासारखे नाही. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्सुलिन काढायचं, ही सवय मोडायलाच हवी. हातातली सिरिंज लाल टोपणाची असली तर डोस अडीच पट होतो, शिवाय कार्ट्रिजमध्ये हवा शिरून पुढचे पेनचे डोस चुकतात. आणि आकड्यापुढे इंग्रजी 'यू' लिहू नका, तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद लागतात.

आता शिकवण्याचं. 'समजलं ना?' विचारलं की सगळे 'हो सिस्टर' म्हणतात. त्याऐवजी त्यांनीच आणलेली बाटली आणि सिरिंज त्यांच्या हातात द्या आणि बघत राहा. ३०/७० सारखी दुधाळ बाटली तळहातांत १० वेळा फिरवायची, १० वेळा उलटसुलट करायची, खळखळ हलवायची नाही. रबर पुसायचं. जेवढं इन्सुलिन हवं तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरून ओढायचं. बुडबुड्याला लोक फार घाबरतात. त्वचेखाली तो काही करत नाही, पण डोसाची जागा खातो, म्हणून टिचकी मारून घालवायचा. आणि हे सगळं बिल भरायला आलेल्या मुलाला शिकवून उपयोग नाही. घरी सुई टोचणार असते सून, तिला बोलवा.

जागा: पोटावर, बेंबीपासून दोन बोटं लांब, कालच्या जागेपासून बोटभर सरकून. रोज एकाच जागी टोचलं की तिथे गाठ येते. गाठीत दुखत नाही, म्हणून पेशंटला तीच आवडते. पण तिथून इन्सुलिन कधी कमी कधी जास्त शोषलं जातं. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर त्याच डोसाने शुगर खाली येऊ शकते, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला आणि ते दिवस शुगर तपासत राहा.

बाटली फ्रीजरमध्ये नको. फ्रीज नसेल आणि विदर्भातला मे महिना असेल तर डबीत बंद करून माठात. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, साधारण चार आठवड्यांनी ती बाद.

शुगर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना. एकादशीला जेवण बंद आणि सुई नेहमीचीच, असं डॉक्टरांना न विचारता करू नये.

पेशंट परत तपासणीला आला की एकच प्रश्न विचारा: बाटली किती दिवस पुरली? ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात, दिवसाला ४० गेले तर ती १० दिवसांत संपते. २५ दिवस पुरली असेल तर घरी नारिंगी टोपण आहे. आणि १०० ची, १००० युनिटची बाटली २५ ऐवजी १० दिवसांत संपली असेल, तर आजच सिरिंज बघायला मागवा.