मांजर उबेत, मालक गोधडीत

आमचं घर साताऱ्यात, मंगळवार पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पाहुण्यांना याचं फार कौतुक. पण किल्ला आमच्या दक्षिणेला आणि थंडीत सूर्यही दक्षिणेकडेच कललेला. त्यामुळे डिसेंबरात निम्मी पेठ ऊन खात बसलेली असते, तेव्हा आमच्या अंगणात किल्ल्याची सावली असते. इतिहासाच्या सावलीत राहणं म्हणतात ते हेच असावं. नाक गार पडतं.

शिवाय घर जुनं. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, सोप्यावर कौलं. "जुनी घरं उन्हाळ्यात किती गार असतात नाही!" असं जो तो म्हणतो. जानेवारीत मुक्कामाला येऊन हे कुणी म्हटलेलं नाही.

यंदा मी दोन कांड्यांचा 2000 वॅटचा हीटर आणला. पहिल्याच संध्याकाळी घरात अंधार. फ्यूजची तार 5 अँपिअरची आणि हीटर ओढणार जवळजवळ 9. वायरमनने वेगळी लाइन ओढून दिली आणि जाताना आमच्या वायरिंगकडे दवाखान्यात जुन्या पेशंटकडे बघतात तसं बघून गेला.

मग हीटर रोज पाच तास चालू. पाच तास म्हणजे 10 युनिट, महिन्याचे 300. घरातला बाकीचा वापर धरला की बिल वरच्या टप्प्यात, म्हणजे वरच्या युनिटांना दरही वरचा. एवढं करून ऊब कुठे, तर हीटरसमोर दोन हातांवर. पुढून पापड भाजल्यासारखं आणि पाठीला गारठा. भिंतींचं तर विचारूच नका. रात्री नऊला घेतलेली ऊब त्या दुसऱ्या दिवशी दुपारी परत करतात, मी ऑफिसात असताना.

शेवटी पलीकडच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "तुमच्या कौलांवर रोज रात्री मांजर बसतं, ते पाळलंय का हो?"

शिडी लावून पाहिलं. एक नाही, तीन मांजरं. सोप्याच्या बरोबर मध्यावर, हीटरच्या डोक्यावर, डोळे मिटून. मी कौलाला हात लावला. कोमट! माझे 10 युनिट तिथे होते.

सुताराला बोलावलं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी घर न्हाय, आभाळ तापवताय."

मग मी उदबत्ती घेऊन घरभर फिरलो. वारा कुठून येतो ते धुरावरून कळतं. आई माजघरातून म्हणाली, "आज गुरुवार नाही, काही नाही. नवस बोललायस का रे?" दाराच्या फटीशी धूर आडवा होऊन आत पळत होता आणि सोप्याच्या मध्यावर सरळ कौलांकडे. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. घर कसलं, धुराडं! फट मोजली. तीन फुटी दार, खाली अर्धा इंच, म्हणजे अठरा चौरस इंच. भिंतीला सव्वाचार इंचांचं चौकोनी भोक पाडून त्याच्यासमोर मी हीटर लावून बसलो होतो.

खिडक्यांच्या झडपांना रबरी पट्ट्या मारल्या. दारासाठी आईने जुन्या लुगड्याची वळकटी शिवली, आत गादीतला कापूस भरला. तिला अडखळून आत्तापर्यंत घरातले सगळे एकेकदा पडलेत, मी दोनदा. एवढं बंद झाल्यावर आई म्हणाली, "आता कोळशाची शेगडी ठेवू या." तेवढं मात्र मी ऐकलं नाही. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास.

राहिलं छप्पर. प्लाय, थर्माकोल असा हिशेब मांडत असताना सुतार माजघरात डोकावला. "हितं झोपा की. वर तक्तपोशी हाय न्हवं?" होती, लाकडी फळ्यांच्या छताची. तिच्यावरच्या माळ्यावर पणजोबांपासूनच्या वाकळा, गाद्या आणि रद्दीचे गठ्ठेही होते. ऊब वाकळेत नसते, तिच्या थरांत अडकलेल्या हवेत असते. तशी हवा आमच्या डोक्यावर ढिगानं होती. दर दिवाळीला हा पसारा फेकून द्या म्हणून मी भांडत आलोय. ही बाब बायकोने अजून लक्षात आणून दिलेली नाही, पण ती त्या दिवशी फार गोड हसली.

आता पाचही जण माजघरात. एक कांडी अर्धा तास पुरते.

चौथ्या रात्री दाराशी म्यांव ऐकू आलं. कौलं थंड पडल्याची तक्रार असावी. "अगं बाई, ये ये," म्हणत आईने वळकटी पायानं सारली आणि दार सताड उघडलं. मांजर उंबऱ्यावर आलं, पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, आणि विचार करत उभं राहिलं.

"आई, दार!"

"थांब जरा. घाई करू नकोस तिला."