अध्यक्ष नसलेल्या मंडळाचा अध्यक्ष

गेल्या रविवारपासून माझ्या पाकिटात 1,250 रुपयांची एक पावती आहे आणि तिच्यावर माझ्या नावाखाली कंसात 'अध्यक्ष' असे लिहिलेले आहे. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला लाभलेले हे पहिलेच अध्यक्षपद. सोसायटीत, पतपेढीत, गणेश मंडळात मी कुठेही खजिनदाराच्या वर सरकलो नाही. ज्या मंडळाचा कोणत्याही अध्यक्षपदावर विश्वास नाही, नेमक्या त्याच मंडळाने मला हा मान द्यावा आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच वसूल व्हावेत, याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

धुळ्यात आम्ही नऊ जण दर रविवारी सकाळी एकत्र येतो आणि अराजकवाद (म्हणजे राज्यसत्ता नको, कोणी कुणाच्या वर नको, असे मानणारा विचार), वंशवाद व मुक्ती या विषयांवरचे वाचन करतो. मंडळाला अध्यक्ष नाही, सचिव नाही, वर्गणी नाही, मतदानही नाही. सगळे निर्णय एकमताने. चहा कटिंग सांगायचा की पूर्ण, यावर एकदा चाळीस मिनिटे एकमत झाले नव्हते आणि तोवर टपरीवाल्याने दूध संपल्याचे जाहीर केले होते. हिवाळ्यात आम्ही पांझरेच्या काठी बसत असू. एप्रिल उजाडला, पारा त्रेचाळिसावर गेला, आणि पंख्याखाली बसले पाहिजे यावर मात्र अवघ्या एका मिनिटात एकमत झाले. मी निवृत्त असल्यामुळे मला भरपूर वेळ असतो असा सर्वांचा समज आहे, म्हणून सभागृह ठरवायला मला पाठवण्यात आले.

सभागृहाचा कारभार आप्पा पाहतात. पांढरी टोपी, खिशाला निळे, लाल आणि हिरवे अशी तीन पेने, समोर हिशेबाच्या वहीएवढे जाड रजिस्टर. मी जागा मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, निळे पेन उघडून रजिस्टरच्या दुसऱ्या रकान्यावर टेकवले आणि विचारले, "अध्यक्ष कोन शे?"

आमच्यात अध्यक्ष नसतो, असे मी सांगितले.

"नवीन निवडाना बाकी शे का?"

निवडायचा नसतोच, असे मी म्हणालो. आप्पांनी पेन बंद केले. एखाद्या घरात कर्ता पुरुष नुकताच गेल्याचे कळावे तशी त्यांची मुद्रा झाली. "मंग पंखा बिघडना ते मी कोनले धरू?" या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेक मोठ्या विचारवंतांनी उत्तरे दिली आहेत, पण त्यांतले एकही मला त्या क्षणी आठवले नाही. आम्ही सगळेच जबाबदार असतो, असे काहीतरी मी पुटपुटलो. "सगळा म्हंजे कोनी नही," आप्पा म्हणाले, आणि रकाना मोकळा ठेवून पुढे सरकले.

पुढचा रकाना मंडळाच्या नावाचा होता. मी 'अराजकवादी वाचक गट' असे सांगितले. आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "अराजपत्रित? मंग आधी सांगानं ना! सरकारी कर्मचारीसले भाडामा सवलत शे." मी दुरुस्ती करणार होतो, पण सवलत शंभर रुपयांची होती आणि पडताळणीसाठी ओळखपत्र लागत नव्हते. मी गप्प राहिलो. तत्त्वांशी तडजोड इतक्या स्वस्तात होते, हे मला त्या दिवशी कळले.

मग उद्देशाचा रकाना आला. वंशवाद, असे मी म्हणालो. आप्पांनी पेन खाली ठेवले, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज उतरवून विचारले, "वंशावळनं काम करतस तुम्ही?" त्यांच्या नातवाला अभियांत्रिकीला प्रवेश हवा आहे आणि जातपडताळणी अडकलेली आहे. "1967 ना आधीना कागद मांगतस. मन्हा बाप शाळामा गया नही, कागद कोठून आनू?" चुलत आजोबांच्या नावाची एक मोडीतली नोंद सापडली आहे, पण तिच्यात आडनाव वेगळे आहे, कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीचे, पान वाळवीने खाल्ले आहे, आणि खिडकीवरचा माणूस दर वेळी नवीन कागद सांगतो. हे सगळे आप्पांनी मला वीस मिनिटे सांगितले. मी आमच्या मंडळात अमेरिकेतल्या वंशभेदाची चर्चा चालते असे समजावण्याचा प्रयत्न केला, त्यावर ते म्हणाले, "तठे बी व्हॅलिडिटी लागस का?" प्रामाणिकपणे सांगायचे तर हा प्रश्न आमच्या मंडळात आजवर विचारल्या गेलेल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा बरा होता.

शेवटी मुक्ती राहिली. "मुक्ती कसानी? दारूनी का कर्जानी?" मी दोन्हीची नाही म्हणालो, सर्वांची म्हणालो. आप्पांनी क्षणभर विचार करून हिरव्या पेनाने 'सर्व प्रकारची' असे लिहिले आणि मग पुन्हा दुसऱ्या रकान्याकडे आले. समोर उभा असलेला एकमेव माणूस मीच होतो. त्यांनी माझे नाव विचारले, आडनाव विचारले, आडनाव ऐकून किंचित मान डोलावली आणि मला अध्यक्ष करून टाकले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धुळ्यातला सर्वांत यशस्वी वाचनवर्ग 1932 साली तुरुंगात भरला होता. विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा रविवार प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या वर्गाला जागा सरकारने फुकट दिली होती, श्रोते पळून जाण्याची सोय नव्हती, आणि अनामत रक्कम कोणी मागितल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही.

तर रविवारी आम्ही जमलो. अधिकाराची उतरंड नको म्हणून खुर्च्या गोल मांडल्या. आप्पांनी दारातूनच ओरडून हरकत घेतली, "गोल कोन बठस? गोल ते मयतले बठतस!" त्यांनी खुर्च्या पुन्हा ओळीने लावल्या, पुढे टेबल, टेबलावर चादर, आणि मला, अध्यक्ष म्हणून, टेबलामागे बसवले. आम्ही त्यांची पाठ वळताच गोल केला, ते परत आले, त्यांनी पुन्हा ओळी केल्या. तिसऱ्या फेरीत आमचे एकमत मोडले आणि आम्ही ओळीत बसलो. सत्तेविरुद्धचा लढा असा अकरा वाजून दहा मिनिटांनी संपला.

सुरुवातीला क्रोपोत्किन हा रशियन अराजकवादी होता. प्राणी एकमेकांशी फक्त झुंजत नाहीत, एकमेकांना सांभाळूनही जगतात, हे त्याने सायबेरियात हिंडताना पाहिले आणि 1902 साली पुस्तकरूपाने मांडले. तो जन्माने राजपुत्र होता हे वाचल्यावर दारात उभे असलेले आप्पा मध्येच म्हणाले, "राजाना पोर व्हता, मंग सोडं कसाले?" कुणीच उत्तर दिले नाही. त्यानंतर पुण्याहून शिकून आलेला आमचा एक तरुण सदस्य शिकागोवर बोलायला उठला. 1886 च्या मे महिन्यात आठ तासांच्या कामासाठी झालेला संप, हेमार्केट चौकातला बॉम्ब, तो कोणी टाकला हे सिद्ध न होताच 11 नोव्हेंबर 1887 रोजी चौघांना दिलेली फाशी, हे सगळे तो इतके चांगले सांगत होता की माझ्याही अंगावर काटा आला. आवेशात तो खुर्चीवर चढला. ती प्लास्टिकची होती. फाशीच्या वाक्यालाच तिचा मागचा पाय गेला, तो टेबलावर पडला, चहा चादरीवर पडला, आणि आप्पांनी रजिस्टर उघडून लाल पेन काढले. खुर्ची 700, चादरीची धुलाई 150, भाडे, सवलत वजा जाता, 400. सही अध्यक्षांची.

तरुण सदस्याने कोपर चोळत सांगितले की ही संरचनात्मक हिंसा, म्हणजे व्यवस्थेनेच केलेली हिंसा, आहे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा नदीकाठी, एका निंबाच्या सावलीत बसलो आणि मी पावती मध्ये ठेवली. तासभर चर्चा झाली. एकाने प्रूदाँ हा फ्रेंच अराजकवादी काढला. मालमत्ता म्हणजे चोरी असे त्याने 1840 मध्येच म्हटले आहे, परंतु मालकी आणि वापर यांत तो भेद करतो, आणि मोडली तेव्हा खुर्ची आपल्या केवळ वापरात होती, तेव्हा भरपाईचा प्रश्न मालकाच्या बाजूचा ठरतो. दुसऱ्याने म्हटले की अध्यक्षपद मंडळाने निर्माणच केलेले नाही, त्यामुळे त्या पदावरून झालेली सही ही वैयक्तिक मानावी लागेल. मला धीर यावा म्हणून तिसऱ्याने सांगितले की एम. पी. टी. आचार्य हे भारतातले जुने अराजकवादी 1954 साली मुंबईत अत्यंत हलाखीत वारले, त्या मानाने 1,250 रुपये काहीच नाहीत. परस्पर साहाय्यावर पाच बैठका घेतलेल्या त्या मंडळात पाकिटाकडे हात एकाचाही गेला नाही. अध्यक्षपद तत्काळ बरखास्त करावे, यावर मात्र एकमत झाले. त्याआधी मला कुणी विचारलेसुद्धा नाही.

राग खरे तर पैशांचा नाही, असे मी घरी सांगतो. राग जुना आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि आपल्याकडच्या लोकांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 1966 साली कृष्णवर्णीयांचे ब्लॅक पँथर उभे राहिले आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर. म्हणजे तिकडे पाहून इकडे बोलण्याची रीत आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. आमचे मंडळ तिकडे पाहते आणि तिकडेच बोलते. फेब्रुवारीत आमच्यातल्या एका मुलाने, तो शिरपूरच्या वरच्या डोंगरातला, पावरा आदिवासी, सांगितले की खोलीसाठी चार घरमालकांनी आधी आडनाव विचारले आणि मग खोली कालच गेल्याचे सांगितले. सगळे गप्प झाले. कुणीतरी हे फार मोठ्या व्यवस्थेचे लक्षण असल्याचे म्हटले, यावर स्वतंत्र बैठक घ्यायचे ठरले, आणि मग आम्ही अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या बसबहिष्काराकडे वळलो. ती स्वतंत्र बैठक अजून व्हायची आहे. माझ्या गच्चीवरची खोली तेव्हा रिकामी होती, परंतु तिचे छत गळते, हे मी त्याच वेळी सविस्तर सांगितले होते. कुणी विचारलेले नसताना.

पावतीवरची ती नदीकाठची बैठक संपल्यावर सगळे पांगले. तो मुलगा मागे थांबला आणि त्याने एकशे चाळीस रुपये माझ्या हातावर ठेवले. त्याने नवाने भागून पाहिले होते. 138 रुपये आणि काही पैसे येत होते. मी सुट्टे शोधू लागलो.

"राहू द्या," तो म्हणाला. "सर, छत दुरुस्त झालं का?"

पावसाळा जाऊ दे, मग बघू, असे मी म्हणालो. एप्रिलचा तिसरा रविवार होता, दुपारचे बारा वाजत होते, आणि पांझरेच्या पात्रात क्रिकेट चालले होते.