टेक्सासमध्ये 'आपलं पथक' काढता येत नाही

ह्यूस्टनला राहणाऱ्या भाच्याने एक फिरता मेसेज पाठवून विचारलंय, "मामा, नाव देऊ का?" मेसेजचा मथितार्थ असा: टेक्सासमध्ये आपली माणसं सुरक्षित नाहीत, अमेरिकेच्या कायद्याने १७ ते ४५ वयाचा प्रत्येक धडधाकट पुरुष आपोआप मिलिशियात (नागरिकांच्या राखीव सैन्यात) असतो, तेव्हा बंदुका घ्या, संस्था नोंदवा, शेरीफला (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला) कळवा आणि दर शनिवारी कवायत सुरू करा. शस्त्रं बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती पाठीशी आहे, कुणी अडवू शकत नाही!

भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे. ज्या गटांत हा मेसेज फिरतोय, तिथली निम्मी मुलं त्याच व्हिसावर असतील, म्हणून आधी बंदुकीचं बघू. एच-वन-बी हा नोकरीसाठीचा, बिगर-स्थलांतरित, म्हणजे ठरावीक मुदतीचा व्हिसा. त्यावर राहणाऱ्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. बंदूक स्वतःच्या नावावर असायला लागत नाही. मित्राची घेऊन कवायतीला उभं राहिलं तरी ताबा तो ताबाच. दोषी ठरलं की हद्दपारीचं कारण तयार, आणि बायकोचा एच-फोर नवऱ्याच्याच व्हिसावर टेकलेला असतो. शिकारीचा वैध परवाना असेल तर या बंदीतून सूट मिळते, हे खरं. ती सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे, पथक काढण्यासाठी नाही. हा मेसेज लिहिणाऱ्याने याबद्दल एक ओळही लिहू नये, याचा मला संताप येतो.

आता '१७ ते ४५'. हे अर्धं खरं आहे, मान्य. केंद्रीय कायद्याच्या दहाव्या शीर्षकाचं कलम २४६ तसं म्हणतं, पण ते नागरिकांबद्दल आणि नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्यांबद्दल. भाचा त्यात बसतच नाही. शिवाय त्याच कलमात मिलिशियाचे दोन भाग आहेत: संघटित, म्हणजे नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव सैन्य) आणि नौदल मिलिशिया, आणि उरलेले सगळे असंघटित. सरकारला गरज पडली तर कुणाला बोलावता येईल, त्याची ही व्याख्या आहे. आपणहून जमून तुकडी उभी करायचा परवाना त्यात कुठेही नाही.

१७९२ च्या मिलिशिया कायद्याचा दाखलाही हौसेने दिला जातो: प्रत्येकाने बंदूक, संगीन, ठिणगी पाडायला दोन जादा गारगोट्या आणि किमान २४ काडतुसांची पेटी स्वतः आणावी. तोच कायदा पुढेही वाचा की! ६४ शिपायांची कंपनी, ५ कंपन्यांची बटालियन, २ बटालियनची रेजिमेंट, ४ रेजिमेंटची ब्रिगेड आणि प्रत्येक राज्यात एक अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे मिलिशियाचा मुख्य प्रशासकीय अधिकारी. अधिकारी नेमायचा हक्क घटनेनेच राज्यांना दिलाय. बंदूक घरची असली, तरी हुकूम राज्याचाच.

टेक्सासच्या गव्हर्नमेंट कोडचं कलम ४३७.२०८ सरळ सांगतं: राज्याची नियमित सैन्यदलं आणि अमेरिकेचं सैन्य सोडून इतर कुणीही लष्करी कंपनी किंवा संघटना म्हणून एकत्र येऊ नये, शहरात सार्वजनिक ठिकाणी बंदुका घेऊन संचलन करू नये. लष्करी शिक्षण देणाऱ्या संस्थांचे विद्यार्थी आणि सन्मानाने निवृत्त झालेले सैनिक यांना सूट आहे, तीही गव्हर्नरच्या संमतीने. शेरीफचा त्यात संबंधच नाही. त्याला कळवल्याने काहीही कायदेशीर होत नाही.

संस्था नोंदवण्याची युक्ती तर १८८६ मध्येच निकालात निघाली आहे. शिकागोत जर्मन कामगारांची 'लेर उंट वेर फेराइन' नावाची संस्था होती, इलिनॉयच्या कायद्याखाली रीतसर नोंदलेली. सदस्यांची बौद्धिक आणि शारीरिक उन्नती असा तिचा उद्देश. १८७९ मध्ये हर्मन प्रेसर घोड्यावर तलवार घेऊन पुढे आणि मागे रायफली घेतलेले सुमारे ४०० जण, असं संचलन निघालं. गव्हर्नरचा परवाना नव्हता. प्रेसरला १० डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तो हरला. दुसरी दुरुस्ती असं संचलन रोखणाऱ्या कायद्याच्या आड येत नाही, असं कोर्टाने सांगितलं. बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं म्हणणाऱ्या २००८ च्या हेलर निकालानेही प्रेसरचा हा अर्थ कायम ठेवला. खाजगी लष्करी पथकांना आळा घालणारी काही ना काही तरतूद आज पन्नासही राज्यांत आहे.

आणि टेक्सासचा हा कायदा कुणाच्या कामी आला, तेही ऐका. व्हिएतनाम युद्धानंतर आलेले निर्वासित गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात कोळंबी पकडू लागले, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने त्यांना धमकावायला सुरुवात केली. क्लॅनची 'टेक्सास इमर्जन्सी रिझर्व्ह' नावाची सशस्त्र शाखा होती. १९८२ मध्ये केंद्रीय न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड यांनी याच तरतुदीच्या आधाराने तिच्या लष्करी कारवाया बंद पाडल्या. ते प्रशिक्षण भर चौकात नव्हे, छावण्यांत चालायचं. तेव्हा 'गावाबाहेरच्या रँचवर चालतं' ही पळवाटही धरू नका. आशियाई स्थलांतरितांना वाचवणारा कायदा आपल्याच मुलांनी मोडायचा?

ज्याला खरोखर सेवा करायची आहे आणि जो पात्र आहे, त्याच्यासाठी टेक्सास स्टेट गार्ड आहे: स्वयंसेवकांचं, गव्हर्नरच्या हुकमाखालचं. बाकीच्यांनी शेजारगट करा, बंदुकीशिवाय. धमकी आली तर तारीख-वेळेसह नोंद ठेवा, कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. भाच्याला कळवलंय: नाव देऊ नकोस, आणि हा मेसेज ज्याने पाठवला त्यालाही हे सगळं पाठव.